आपल्या पावलांचा नकाशा आपल्याच हाती

मोबाईल खिशात टाकून माणूस घराबाहेर पडला की त्याच्या नावाने एक वही लिहिली जाऊ लागते. तो किती वाजता निघाला, कोणत्या रस्त्याने गेला, कोठे थांबला, किती वेळ थांबला, कधी परतला, हे सारे त्या वहीत उतरते. वही लिहिणारा दिसत नाही. वाचणाराही दिसत नाही. आणि ज्याच्या पायपिटीतून ती भरली, त्याने मात्र ती आयुष्यात एकदाही उघडून पाहिलेली नसते!

डिझाइनचे शिक्षण देणाऱ्या संस्थांमध्ये आता एक अभ्यास दिला जातो. विद्यार्थ्याने स्वतःच्या येण्याजाण्याची ही वही मिळवायची, संगणकाला आज्ञा लिहून तिचे चित्र काढायचे आणि ते वर्गापुढे मांडून समजावून सांगायचे. वरवर पाहता हा खात्यापित्या घरच्या मुलांचा खेळ वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्यांच्या येण्याजाण्यावर सतत दुसऱ्याची नजर असते, त्या कष्टकरी घरांतील मुलामुलींनी तर हे शिक्षण आधी घ्यावे, असे आमचे मत आहे. ते का, हेच येथे सांगायचे आहे.

वहीत असते तरी काय?

आम्ही कारकून माणसे. रोजमेळ आणि खतावणी यांत आमचा जन्म गेला. त्यामुळे ही वही आम्हाला परकी वाटली नाही. तिच्या प्रत्येक ओळीत मुख्यतः तीन रकाने असतात : वेळ, अक्षांश आणि रेखांश. १९.०१८ आणि ७२.८४३ हे आकडे दिसले की समजावे, माणूस दादर स्टेशनच्या परिसरात आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा एकाने बदलला तर माणूस सुमारे १११ मीटर सरकला. चौथा आकडा बदलला तर सुमारे ११ मीटर, म्हणजे चाळीतल्या दोन-तीन खोल्या ओलांडून गेला. इतकी बारीक नोंद!

मोबाईलला हे कळते आकाशातल्या उपग्रहांवरून. जागा नक्की करण्यासाठी निदान चार उपग्रहांचे संदेश लागतात. मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत जागा अचूक कळते. इमारतीत शिरले, उंच इमारतींच्या गर्दीत गेले की ही अचूकता घसरते. मग मोबाईल टॉवर आणि वायफाय यांच्या आधाराने अंदाज बांधला जातो.

अशा हजारो ओळी नुसत्या वाचून काही बोध होत नाही. वर्षभराचा रोजमेळ वाचून दुकान नफ्यात की तोट्यात, हे कळते का? त्यासाठी खतावणी करावी लागते. हालचालींच्या नोंदींचे चित्र काढणे ही त्यांची खतावणीच होय.

संगणकापूर्वीची चित्रे

माणसांच्या जीवनाचे आकडे चित्रात मांडण्याची कला संगणकाहून जुनी आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने अटलांटा विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हाताने रंगविलेले सुमारे साठ तक्ते मांडले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे शिक्षण, मालमत्ता, धंदे, लोकसंख्या हे सारे त्यांत होते. जॉर्जिया राज्यात जन्मलेले कृष्णवर्णीय कोठकोठे जाऊन राहिले, हे दाखविणारा तक्ताही त्यांत होता. ज्यांच्याविषयी इतर लोक बोलत, त्यांनीच स्वतःचे आकडे स्वतःच्या हाताने रंगवून जगासमोर ठेवले! याच ड्यू बॉइस यांना १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिले होते, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

एका व्यक्तीच्या हालचालींचे एक गाजलेले चित्रही पॅरिसचेच. पोल-आंरी शोंबार द लोव या समाजशास्त्रज्ञाने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका विद्यार्थिनीच्या वर्षभराच्या फेऱ्या नकाशावर रेघांनी दाखविल्या. एवढे मोठे शहर, पण रेघांचा बनला एक लहानसा त्रिकोण. एका टोकाला तिचे घर, दुसऱ्या टोकाला तिची शिक्षणसंस्था, तिसऱ्या टोकाला पियानो शिकविणाऱ्यांचे घर. बाकी शहर तिच्यासाठी जणू नव्हतेच. माणूस ज्या शहरात राहतो त्यातले किती शहर त्याच्या वाट्याला येते, हे त्या त्रिकोणाने एका नजरेत सांगितले.

चित्रकारांसाठी संगणकाची भाषा

पूर्वी संगणकाला आज्ञा लिहिणे हे इंजिनीअरांचे काम समजले जाई. चित्र काढणारा विद्यार्थी त्यापासून चार हात दूर राही. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत जॉन माएदा या प्राध्यापकांनी १९९९ साली डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी एक सोपी भाषा तयार केली. त्यांचेच विद्यार्थी केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ साली 'प्रोसेसिंग' ही भाषा सुरू केली. ती फुकट आहे आणि तिची घडण सर्वांना पाहण्यास खुली आहे. एक ओळ लिहिली की पडद्यावर रेघ उमटते, दुसरी लिहिली की वर्तुळ. पुढे २०१३ साली लॉरेन मॅकार्थी यांनी याच कल्पनेवर 'पी-फाइव्ह-जेएस' सुरू केली. ती इंटरनेटच्या साध्या पानावर चालते, महागडा संगणक लागत नाही.

वर्गात काय घडते?

पहिली गोष्ट म्हणजे अक्षांश-रेखांशाचे आकडे पडद्याच्या मापात बसवणे. पडदा समजा ८०० ठिपके रुंद. ७२.८ ते ७३.० या रेखांशांमधला प्रवास त्या ८०० ठिपक्यांत मांडायचा. यासाठी प्रोसेसिंगमध्ये 'मॅप' नावाची आज्ञा आहे. तिचे काम काय? आपले शाळेतले त्रैराशिक! ०.२ अंशाला ८०० ठिपके, तर ०.०५ अंशाला किती? दोनशे. ज्या मुलाला त्रैराशिक येते त्याला या विद्येचा पहिला धडा आलाच म्हणून समजा.

दुसरा धडा हमखास हसवतो. मुंबईच्या लोकलचा प्रवास काढला तर चर्चगेट वर आणि विरार खाली येते! कारण अक्षांश उत्तरेकडे वाढत जातात, पण पडद्यावरची मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली जाते. आकडे उलट फिरवून घेतले की शहर सरळ होते. शिवाय मुंबईजवळ रेखांशाचा एक अंश १११ नव्हे तर सुमारे १०५ किलोमीटरच भरतो. तो फरक धरला नाही तर शहर आडवे फुगते. उत्तरेला बर्लिनसारख्या शहरात ही फुगवट फारच मोठी होते.

यानंतर खरी परीक्षा सुरू होते. मोबाईलची बॅटरी संपली आणि दोन तासांनी खाडीपलीकडे चालू झाला, तर संगणक दोन ठिपके सरळ रेघेने जोडून मोकळा होतो. जणू माणूस पाण्यावरून चालत गेला! मग नोंदींत किती मिनिटांचा खंड पडला तर रेघ तोडायची, हे विद्यार्थ्याने ठरवायचे. घरात बसलेल्या माणसाचे ठिपके चुकीच्या अंदाजाने इकडेतिकडे उडतात आणि घराभोवती कोळ्याचे जाळे दिसते. ते पुसायचे की ठेवायचे? दोन ठिपक्यांमधले अंतर आणि वेळ यांवरून वेग काढता येतो. ताशी पाचच्या आसपास असेल तर माणूस चालतो आहे असे समजतात. पण सिग्नलला रखडलेली लोकलही त्याच वेगाने सरकते!

थांबण्याचा काळ वर्तुळाने दाखवायचा तर आणखी एक खाचखळगा आहे. दोन तासांसाठी एक वर्तुळ काढले आणि आठ तासांसाठी त्रिज्या चौपट केली, तर वर्तुळाचे क्षेत्रफळ सोळापट होते. आकडा खरा, पण डोळ्यांना दिसते ते खोटे. म्हणून त्रिज्येसाठी वर्गमूळ घ्यावे लागते. आकड्यांत एक पैसाही न फिरवता चित्रातून लबाडी कशी करता येते, हे विद्यार्थी येथे शिकतो. पुढे वर्तमानपत्रातला किंवा सरकारी अहवालातला तक्ता समोर आला की तो लगेच हुरळून जात नाही.

रेघा अगदी फिकट ठेवल्या तर रोजची वाट एकावर एक रेघ पडून गडद होते, गवतातून रुळलेल्या पायवाटेसारखी. क्वचित गेलेल्या वाटा पुसटच राहतात. वेळेला रंग दिला, तर दिवस आणि रात्र वेगळी दिसतात. मग प्रश्न उभे राहतात. अंधार पडल्यावर मुलीच्या चित्रातील रेघा आखूड का होतात? भावाच्या का होत नाहीत? आईच्या चित्रात घर, बाजार, रेशन दुकान आणि दवाखाना यांपलीकडे काही आहे का? या प्रश्नांसाठीच हा खटाटोप असतो.

दुसऱ्याच्या हाती वही

स्वतःचे चित्र काढताना विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट उमगते. रोज रात्री ज्या ठिकाणी ठिपके साचतात ते त्याचे घर. नाव-पत्ता काढून टाकला तरी चित्र पत्ता सांगतेच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पंधरा लाख मोबाईलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. माणूस कोठे आणि केव्हा होता याचे फक्त चार ठिपके माहीत असले तर १०० पैकी ९५ जण गर्दीतून वेगळे ओळखता येतात, असे आढळले. म्हणून अशा अभ्यासात स्वतःच्याच नोंदी घेणे आणि चित्र बाहेर दाखविण्यापूर्वी घराजवळची टोके कापणे शहाणपणाचे.

जर्मनीतील ग्रीन पक्षाचे राजकारणी माल्टे श्पिट्झ यांनी आपल्या टेलिफोन कंपनीकडे कोर्टामार्फत स्वतःच्या नोंदी मागितल्या. ऑगस्ट २००९ ते फेब्रुवारी २०१० या सहा महिन्यांच्या ३५,८३० ओळी त्यांना मिळाल्या. त्यांनी त्या दडवल्या नाहीत. २०११ साली 'त्साइट ऑनलाइन'ने त्यांचा चालता-फिरता नकाशा करून लोकांना दाखविला. कंपनीजवळ एका माणसाचे केवढे जीवन साठलेले असते, हे लोकांना तेव्हा डोळ्यांनी दिसले.

पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्ट्राव्हा' या व्यायामाच्या ॲपने साऱ्या जगाचा धावण्याचा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आले की, निर्जन वाळवंटातही त्यावर उजळ रेघा आहेत. त्या लष्करी तळांवर धावणाऱ्या सैनिकांच्या होत्या!

सफाई कामगारांची घड्याळे

आता आपल्या घराजवळ येऊ. गेल्या दशकाच्या अखेरीस नागपूर, चंदीगड, पंचकुला येथील महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. कामगार ठरलेल्या हद्दीत आहे की नाही, हे कार्यालयातील पडद्यावर दिसू लागले. हद्दीबाहेर दिसलो किंवा घड्याळ बंद पडले की पगार कापला जातो, अशा तक्रारी कामगारांनी केल्या. शौचालयात जातानाही पाळत असल्यासारखे वाटते, असे स्त्री कामगारांनी सांगितले. चंदीगड-पंचकुला भागात निदर्शनेही झाली.

ते घड्याळ काय लिहीत होते? तेच तीन रकाने : वेळ, अक्षांश, रेखांश. साहेबाच्या पडद्यावर त्यांचे मस्टर झाले, कारण विचारलेला प्रश्न एकच होता : माणूस हद्दीत आहे की बाहेर? त्याच ओळी झाडूवाल्या ताईच्या मुलीने हातात घेतल्या तर? ती विचारील, सूर्य उगवण्यापूर्वी माझी आई किती किलोमीटर चालली? कचऱ्याच्या गाडीची वाट पाहत किती वेळ उभी राहिली? तिच्या हद्दीपासून शौचालय किती लांब आहे? ओळी त्याच, पण आता चित्र दुसरे. पहिले चित्र कामगाराला जाब विचारते, दुसरे महापालिकेला. कोणता प्रश्न विचारायचा हे आज्ञा लिहिणाराच ठरवतो. म्हणूनच ती लिहिता आली पाहिजे.

कायद्याने थोडी वाट करून दिली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती कशी वापरली जाते हे विचारण्याच्या हक्काची तरतूद आहे. तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. मात्र नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरण्याची सवलत याच कायद्याने मालकाला दिली आहे, हेही कामगार संघटनांनी विसरू नये.

आपल्या मुलांनी काय करावे?

बारावीनंतर डिझाइनच्या पदवीचा मार्ग कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुला आहे. आयआयटींतील प्रवेशासाठी 'यूसीड' ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते, तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची स्वतंत्र परीक्षा असते. राखीव जागा आहेत. केंद्रीय नमुन्यातील दाखला वेळेवर काढून ठेवावा. जागा रिकाम्या राहोत आणि आपली मुले अर्जही न करोत, असे होऊ नये.

पण प्रवेश मिळेपर्यंत थांबायचे कारण नाही. जॉर्जिया लुपी आणि स्टेफनी पोसावेक या दोन डिझाइनर स्त्रियांनी ५२ आठवडे आपल्या रोजच्या जगण्याच्या नोंदी पोस्टकार्डांवर हाताने रंगवून एकमेकींना पाठविल्या. त्या पोस्टकार्डांना पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात स्थान मिळाले. तेव्हा वस्तीतील अभ्यासिकेत एक रविवार यासाठी द्यावा. चौकटीचा कागद आणि रंगीत पेन्सिली पुरेत. प्रत्येकाने आठवड्याच्या फेऱ्या लिहून काढाव्यात, त्यांचा नकाशा करावा, आणि घरातल्या आईचा नकाशा शेजारी लावावा. ज्याला गोडी लागेल त्याने मग संगणकाकडे वळावे.

आपली वही तर लिहिली जातच आहे. ती आपल्याला वाचता यावी, एवढे तरी या पिढीने साधलेच पाहिजे.