अॅल्युमिनियमचा रस साच्यात हळूच का सोडतात? गेटिंग सिस्टीम समजून घ्या सोप्या शब्दांत

बीड जिल्ह्यात माजलगाव धरणाच्या कालव्यावर ज्यांचं शेत आहे, त्यांना ‘दारं धरणं’ समजावून सांगायची गरज नाही. पाणी एकदम सोडलं तर सरी फुटते, माती वाहून जाते. बेतानं सोडलं तर शेवटच्या वाफ्यापर्यंत शांतपणे पोहोचतं.

फाउंड्रीत वाळूच्या साच्यात वितळलेलं अॅल्युमिनियम ओततानाही असंच दार धरावं लागतं. रसाच्या या वाटांना म्हणतात गेटिंग सिस्टीम. ती चुकली तर वरून चकचकीत दिसणारा पार्ट आतून कमकुवत निघतो.

या सिस्टीममध्ये काय काय असतं?

रस खाली उतरवणारी उभी नळी म्हणजे स्प्रू. पुढची आडवी वाट म्हणजे रनर. आणि साच्यात शिरण्याचं दार म्हणजे इनगेट.

घाई केली तर काय बिघडतं?

शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो, दुधावरच्या सायीसारखा. रस शांत असेल तर ही साय वरच राहते. रस उसळला की ती दुमडून आत जाते. दुमडलेले दोन थर एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणजे पार्ट थंड होण्याआधीच आत भेग तयार!

ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाचे धातुतज्ज्ञ जॉन कॅम्पबेल यांनी यासाठी एक मर्यादा सांगितली: साच्यात शिरताना रसाचा वेग सेकंदाला साधारण ०.५ मीटरच्या वर जाऊ नये. गंमत म्हणजे जेमतेम १३ मिलिमीटर उंचीवरून पडला तरी रस हा वेग गाठतो. २० सेंटिमीटरच्या स्प्रूमधून उतरताना तर तो सेकंदाला जवळपास २ मीटरवर जातो. म्हणजे रसाचा वेग वाढणारच, तो पुढच्या वाटेत कमी करायचा असतो.

मग डिझाइन कसं करतात?

• स्प्रू खाली निमुळता: नळाची धार खाली येताना बारीक होते ना? तसंच. नळी सरळ ठेवली तर रस भिंत सोडतो आणि हवा आत ओढतो.

• पुढची वाट रुंद: स्प्रूचं खालचं तोंड, रनर आणि इनगेट यांच्या क्षेत्रफळाचं प्रमाण अनेकदा १:२:४ असं ठेवतात. पण रनर पूर्ण भरला नाही तर रस तळाशी तसाच धावत राहतो. म्हणून वाटेत सिरॅमिक फोमचा फिल्टर बसवतात.

• रनर थोडा लांब: हवा आणि कचरा घेऊन आलेला पहिला रस शेवटच्या इनगेटच्या पुढे नेऊन अडवतात.

• दार तळाशी: साचा खालून वर भरला की रस वरून आदळत नाही.

लोखंडाची पद्धत चालेल का?

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पट्ट्यातल्या फाउंड्रींमध्ये मुख्यतः लोखंडाचं ओतकाम चालतं. लोखंडासाठी इनगेट अरुंद ठेवायची पद्धत रूढ आहे. तीच अॅल्युमिनियमला लावली तर रस पिचकारीसारखा उडतो.

आता हे सगळं ओतण्याआधी संगणकावर पाहता येतं. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकारानं तयार झालेलं ‘ऑटोकास्ट’ हे त्यातलंच एक सॉफ्टवेअर.

याची किंमत कोण मोजतं?

खराब पार्ट पुन्हा वितळवता येतो. पण त्यावर खर्च झालेलं इंधन आणि मजुरी परत येत नाही, छोट्या फाउंड्रीला हा फटका मोठा असतो. आणि आतली भेग तपासणीत सापडलीच नाही, तर तो पार्ट कुणाच्या तरी गाडीत किंवा मशीनमध्ये बसतो.