स्वयंपाकघरातली मार्था

मैत्रिणींनो, हातातलं काम थांबवू नका. लसूण सोलत असाल तर सोलत राहा, भाकरी थापत असाल तर थापत राहा. आज मी ज्या बाईची गोष्ट सांगणार आहे, तीसुद्धा अशीच कामात होती.

पण आधी माझीच एक फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाची मासिक बैठक माझ्या घरी होती. आम्ही चौदाजणी. घरी बायका येणार म्हणून मी सकाळपासून लगबगीत होते. बैठक ओसरीवर बसली आणि मी आत. पोहे परतले, चहाला आधण ठेवलं, कप विसळले. बाहेर बोलणं चाललं होतं, ते अर्धंमुर्धं कानावर पडत होतं. शेवटी ठरावाची वही फिरत फिरत आत आली. मी पदराला हात पुसले, सही केली आणि पुन्हा चहा गाळायला लागले.

तीन महिन्यांनी मुलीच्या फीसाठी गटातून दहा हजारांचं कर्ज घेतलं. महिन्याला दीडशे रुपये व्याज धरून मी पैसे नेले, तर दोनशे मागितले. मी भांडायलाच उठले. आमच्या सचिवताईंनी शांतपणे वही उघडली. म्हणाल्या, "अहो ताई, शेकडा दीडचे दोन करायचं तुमच्याच घरी ठरलं की! ही बघा तुमची सही." सही माझीच होती. शेजारी पोह्यांच्या तेलाचा डागही होता.

त्या ताईंची काही चूक नव्हती. मला कुणी फसवलं नव्हतं. निर्णय माझ्या ओसरीवर झाला आणि मी तिथे नव्हते, एवढंच.

आम्ही ख्रिस्ती. त्यानंतर एका रविवारी चर्चमध्ये मार्था आणि मरीया यांची गोष्ट वाचली गेली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्या दिवशी ती नव्याने ऐकू आली. गोष्ट बायबलमधली असली, तरी घर तुमच्या-माझ्यासारखंच आहे. म्हणून ती तुमच्यापुढे ठेवते, मग तुम्ही कुठल्याही धर्माच्या असा.

ही गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायाच्या शेवटी आहे. जेमतेम पाच ओव्यांची. येशू शिष्यांबरोबर गावोगाव फिरत असतो. एका गावात मार्था नावाची बाई त्याला आपल्या घरी उतरवून घेते. तिची बहीण मरीया. ही येशूची आई नव्हे बरं का, नाव तेवढं सारखं. मरीया येशूच्या पायाशी बसून त्याचं बोलणं ऐकत राहते. मार्था एकटी पाहुणचारात बुडालेली. शेवटी तिला राहवत नाही. ती येऊन येशूलाच विचारते, की बहिणीने सगळं काम माझ्या एकटीवर टाकलं आहे, याचं तुम्हाला काहीच वाटत नाही का? तिला सांगा ना मला मदत करायला! येशू तिला दोनदा नावाने हाक मारतो आणि म्हणतो, की तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, दगदग करून घेतेस; पण गरज एकाच गोष्टीची आहे. मरीयेने चांगला वाटा निवडला आहे आणि तो तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही.

एवढीच गोष्ट. मग जेवणाचं काय झालं, ते लूक सांगतच नाही.

खरं सांगते, मला या गोष्टीचा पूर्वी राग यायचा. तुम्हालाही येईल. राबायचं मार्थाने आणि कौतुक मरीयेचं! सगळ्याच पायाशी बसल्या तर पाहुणे जेवणार काय? पण नीट वाचली तेव्हा चार गोष्टी लक्षात आल्या.

पहिली गोष्ट नावाची. मार्था या नावाचा त्यांच्या अरामी भाषेत अर्थ होतो घरधनीण. लूक लिहितो ते घरही मार्थेचंच आहे. ती कुणाची मोलकरीण नाही. पाहुण्याला बोलावणारी तीच.

दुसरी गोष्ट शब्दाची. मार्थेची अवस्था सांगताना लूकने जो ग्रीक शब्द वापरला आहे, त्याचा मूळ अर्थ चहूबाजूंनी ओढलं जाणं. आपल्या मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे : ओढाताण. चुलीवर आमटी, पाळण्यात लेकरू, दारात पाहुणा, गोठ्यात हंबरणारी गाय, आणि आपण एक. येशू स्वयंपाकाला नावं ठेवत नाही. तो या ओढाताणीबद्दल बोलतो.

तिसरी गोष्ट पायाशी बसण्याची. आपल्याला वाटतं, मरीया भक्तीने किंवा आरामात बसली असेल. पण त्या काळात गुरूच्या पायाशी बसणं म्हणजे शिष्य होऊन शिकणं. प्रेषितांच्या कृत्यांत पौल आपलं शिक्षण सांगतो, तेव्हा गमलिएल या गुरूच्या पायाशी शिकल्याचंच सांगतो. त्या काळी गुरूपाशी शिकणं ही बहुतेक पुरुषांची गोष्ट. तिथे एक बाई जाऊन बसली आणि गुरूने तिला उठवलं नाही. उलट सांगितलं, की ही जागा तिच्याकडून कुणी काढून घेणार नाही. आता हे वाक्य मला पूर्वीसारखं टोचत नाही. ते मार्थेला दिलेलं बोलणं नाही, ते मरीयेच्या जागेची राखण आहे.

चौथी गोष्ट अशी, की या गोष्टीच्या लगेच आधी लूकने चांगल्या शोमरोन्याचा दाखला दिला आहे. वाटेवर जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला उचलून नेणारा, त्याच्या जखमा बांधणारा, धर्मशाळेचा खर्च देणारा तो परका माणूस. तिथे येशू सांगतो, जा आणि तूही तसंच कर. म्हणजे आधी कर, आणि मग बस, ऐक. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलेली आहेत.

आता तुम्हाला एक चित्र दाखवते. रेडिओवर चित्र कसं दाखवणार? सांगते, तुम्ही मनात बघा.

चारशे वर्षांपूर्वीचा स्पेन देश. सेव्हिल नावाच्या शहरात दिएगो वेलास्केस नावाचा तरुण चित्रकार होता. १५९९चा जन्म. १६१८ साली, म्हणजे विशीही पुरी झालेली नसताना, त्याने हे चित्र रंगवलं. नाव, मार्था आणि मरीया यांच्या घरी ख्रिस्त. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. फार मोठं नाही, रुंदी साधारण साडेतीन फूट आणि उंची दोन फूट.

नाव ऐकून वाटेल, मधोमध येशू असेल. पण मधोमध तो नाहीच. समोर आहे स्वयंपाकघराचं मेज. मेजावर ताटलीत मासे, दुसऱ्या ताटलीत दोन अंडी, एक सुगडासारखं भांडं, सोललेल्या-न सोललेल्या लसणाच्या पाकळ्या आणि एक वाळलेली लाल मिरची. शेजारी पितळेचा खलबत्ता. एक तरुण मुलगी बत्त्याने कुटते आहे. गाल लालसर, चेहरा हिरमुसलेला, आणि नजर सरळ आपल्याकडे. जणू विचारते आहे, बघताय ना? तिच्या मागे एक म्हातारी बाई बोट दाखवून तिला काहीतरी सांगते आहे.

मग येशू कुठे? वर उजव्या कोपऱ्यात, एका छोट्या चौकटीत. तिथे तो बसलेला आहे, मरीया त्याच्या पायाशी आणि मागे एक बाई उभी. ती चौकट म्हणजे भिंतीतली खिडकी, की आरसा, की भिंतीवर टांगलेलं चित्र, यावर जाणकारांचं आजही एकमत नाही. कुटणारी मुलगी स्वतः मार्था, की सेव्हिलच्या एखाद्या घरात कामाला असलेली पोर, हेही चित्रकाराने उघडं ठेवलं आहे. म्हातारीचं बोटही तसंच. ती म्हणत असेल, त्या मरीयेकडे बघ, शीक जरा. किंवा म्हणत असेल, तुझं कामही तिथल्याइतकंच मोलाचं आहे, पोरी.

त्या मिरचीपाशी जरा थांबू या. मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसच्या सफरींनंतर ती स्पेनमध्ये आली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या बंदरात उतरली. आज जिच्याशिवाय आपला ठेचा होत नाही, ती मिरची त्या चित्रातल्या मुलीलाही तशी नवीनच. लसूण, मिरची आणि खलबत्ता. एवढं सामान बघितलं, की ते चित्र परक्या देशातलं वाटत नाही. धर्माचं चित्र काढताना त्या पोराने देवळातली वेदी काढली नाही, स्वयंपाकाचं मेज काढलं. आणि लसणाची पाकळी इतक्या आदराने रंगवली, की बघणाऱ्याची नजर आधी तिच्याकडे जाते.

पुढे नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या योहानेस व्हर्मीरनेही १६५५च्या सुमाराला हाच प्रसंग रंगवला. ते चित्र आता एडिंबरोला आहे. त्यात तिघंही एकाच मेजापाशी आहेत. मरीया खाली बसून ऐकते आहे, मार्था ब्रेडची टोपली मेजावर ठेवते आहे. येशूचा हात मरीयेकडे आहे, पण तोंड मार्थेकडे. तो बोलतो आहे मार्थेशी, आणि तीही ऐकते आहे. पहिल्या चित्रात दोघींच्या मध्ये भिंत आहे. या चित्रात भिंत नाही.

बायबलमध्येही मार्थेची गोष्ट त्या तक्रारीवर संपत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात दोघींचा भाऊ लाजर मरतो. चार दिवसांनी येशू येतो. मरीया घरात बसून राहते, आणि गावाबाहेर त्याला सामोरी जाते ती मार्था. तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता, असं तोंडावर सांगते. आणि तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र, हा विश्वासही तीच बोलून दाखवते. मत्तयाच्या शुभवर्तमानात हीच कबुली पेत्राच्या तोंडी आहे. म्हणजे स्वयंपाकघरातल्या बाईने ऐकलंही होतं आणि समजूनही घेतलं होतं.

त्यानंतर बेथानीत पुन्हा जेवण होतं. योहान लिहितो, मार्था वाढत होती. मरीया जटामांसीचं महागडं सुगंधी तेल येशूच्या पायांना लावते. ही जटामांसी आपल्या हिमालयातली वनस्पती. या वेळी मार्था काहीच तक्रार करत नाही. काम तेच, ओढाताण गेलेली. कॅथलिक पंथात २९ जुलै हा मार्थेचा सण. २०२१पासून त्या दिवशी मार्था, मरीया आणि लाजर या तिघा भावंडांची एकत्र आठवण केली जाते. मला ते आवडलं. घर एकीचं नसतंच.

आता आपल्या मातीतलं एक उदाहरण. पुणे जिल्ह्यातलं केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभं केलं. दुष्काळातल्या निराधार मुली, विधवा अशा शेकडोजणी तिथे आल्या. एवढ्या जणींचा स्वयंपाक, धुणं, शेती, विणकाम, सगळं त्या बायकाच करत. आणि त्याच आवारात शाळा होती, छापखानाही होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. साध्या बाईला वाचून कळेल अशी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर आलं. ज्या हातांनी भाकऱ्या थापल्या, त्याच हातांनी खिळे जुळवले. मार्था आणि मरीया एकाच छपराखाली, कधी कधी एकाच बाईत.

आता माझ्या ओसरीवर परत येते. आम्ही गटात फार मोठं काही केलं नाही. एवढंच ठरवलं, की आधी बैठक, मग चहा. ज्या घरी बैठक, त्या घरच्या बाईने पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसायचं. ठराव मोठ्याने वाचल्याशिवाय वही फिरवायची नाही. बैठक संपली की चौघीजणी उठतात आणि पंधरा मिनिटांत चहा होतो. पहिल्या वेळी माझी सासूबाई कुरकुरल्या, "पाहुण्यांना नुसतं पाणी?" दुसऱ्या बैठकीला त्या स्वतःच येऊन सतरंजीच्या कडेला बसल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "ते शेकडा दोन म्हणजे वर्षाचे किती गं?" चोवीस, मी म्हणाले. "बाई बाई! सावकारच की!" त्यांच्या त्या एका वाक्यावर आमची अर्धा तास चर्चा झाली आणि व्याज पुन्हा दीडावर आलं.

काम कुणाचं सुटत नाही, मैत्रिणींनो. पण तुमच्या गटात, घरात, ग्रामसभेत काही ठरत असेल, तेव्हा एकदा आत डोकावून बघा. कुणीतरी लसूण कुटत असेल. तिला हाक मारा, आणि तुम्ही दोघी मिळून बाहेर येऊन बसा. आमटी थोडी उशिरा झाली तर चालेल.

येते मी. नमस्कार.