गल्ला, क्यूआर आणि कर : छोट्या दुकानदाराने काय सांभाळावे?

नवी पेठ ही सोलापूरची मोठी बाजारपेठ. लग्नसराई असो, दिवाळी असो वा गड्ड्याची यात्रा, जिल्ह्यातील आणि सीमेपलीकडील गिऱ्हाईक येथे येतेच. पूर्वी या पेठेत गल्ला, रोजमेळ आणि उधारीची वही एवढ्यावर दुकान चालत असे. आज प्रत्येक दुकानाच्या दर्शनी भागी क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला दिसतो आणि 'इतके रुपये प्राप्त झाले' असे साउंडबॉक्स मोठ्याने सांगतो. मात्र या कागदामागे भीतीही आहे. 'यूपीआय घेतले की सरकारला सारे कळते, मग नोटीस येते' असे आमचे कित्येक व्यापारी बांधव म्हणतात. या भीतीत किती तथ्य आहे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही भीती अगदीच निराधार नाही. जुलै 2025 मध्ये शेजारच्या कर्नाटकात वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या नोंदी पाहून हजारो लहान विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. बेंगळुरूतील अनेकांनी क्यूआर कोड काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. पुढे राज्य सरकारला दिलासा द्यावा लागला. या प्रकरणाचा बोध आमच्या मते एकच : कर यूपीआयवर नसतो, विक्रीवर असतो. रोखीची विक्रीही उलाढालीत धरली जाते. म्हणून क्यूआर काढल्याने कर टळत नाही; फक्त आपल्या बाजूचा पुरावा नाहीसा होतो.

यूपीआयची सुरुवात 2016 साली झाली. 1 जानेवारी 2020 पासून ग्राहकाच्या बँक खात्यातून थेट येणाऱ्या यूपीआय रकमेवर दुकानदाराला व्यवहार शुल्क नाही. साउंडबॉक्सचे भाडे मात्र वेगळे असू शकते, ते विचारून घ्यावे.

खरी चूक होते ती एकाच खात्यात सारे मिसळल्याने. दुकानाची विक्री, मेहुण्याने परत केलेले हातउसने, भिशीची रक्कम, गावाकडून आलेले पैसे हे सगळे एकाच क्यूआरवर जमा झाले, तर कागदावर ती सारी विक्रीच दिसते. म्हणून दुकानाचे खाते वेगळे, घरचे वेगळे, हा पहिला नियम. दुसरा नियम रोजमेळाचा. रात्री शटर ओढण्यापूर्वी रोख किती, यूपीआय किती, उधारी किती, हे तीन आकडे लिहावेत. त्यास पाच मिनिटे पुरतात.

आता जीएसटीविषयी. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2005 रोजी विक्रीकराच्या जागी व्हॅट आला आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी. केवळ माल विकणाऱ्या आणि राज्यातच विक्री करणाऱ्या दुकानदाराची वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांपर्यंत असेल, तर साधारणपणे नोंदणी आवश्यक नाही. सेवा देणाऱ्यांसाठी ही मर्यादा 20 लाख आहे. 40 लाख म्हणजे वर्षाचे 365 दिवस धरल्यास दिवसाला सुमारे 11 हजारांची विक्री. ही विक्री आहे, नफा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट सोलापूरकरांनी विशेष लक्षात घ्यावी. विजयपूर वा कलबुर्गीला पार्सलने माल विकू लागल्यास ती आंतरराज्य विक्री ठरते आणि 40 लाखांची सवलत साधारणपणे मिळत नाही.

नोंदणी घ्यावी लागली, तर दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना कंपोझिशन म्हणजे आपसमेळ योजना खुली आहे. व्यापाऱ्यास विक्रीच्या 1 टक्का कर तिमाहीस भरावा लागतो. मात्र हा कर गिऱ्हाईकाकडून वेगळा घेता येत नाही, खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. ही योजना नेहमीच स्वस्त पडते, हा समज चुकीचा आहे. 100 रुपयांचा माल 120 ला विकला असे धरू. कर 5 टक्के असल्यास नेहमीच्या पद्धतीत विक्रीवरचे 6 रुपये वजा खरेदीवरचे 5, म्हणजे 1 रुपया भरावा लागतो. ग्राहकाची किंमत तीच, म्हणजे 126 ठेवल्यास कंपोझिशनमध्ये 1 रुपया 26 पैसे. पण कर 18 टक्के असेल, तर नेहमीच्या पद्धतीत 3 रुपये 60 पैसे आणि कंपोझिशनमध्ये 141 रुपये 60 पैशांवर सुमारे 1 रुपया 42 पैसे. म्हणजे आपण काय विकतो आणि नफा किती ठेवतो, यावर निर्णय अवलंबून आहे. कागदपत्रे कमी, हा कंपोझिशनचा लाभ मात्र निश्चित आहे.

प्राप्तिकराच्या बाबतीत तर यूपीआय दुकानदाराच्या बाजूने उभे राहते. व्यापारी जिला '44-एडी' म्हणून ओळखतात, त्या अंदाजित नफ्याच्या तरतुदीनुसार रोख विक्रीच्या किमान 8 टक्के, तर बँकेमार्फत आलेल्या विक्रीच्या किमान 6 टक्के नफा दाखवता येतो. उलाढालीची मर्यादा 2 कोटी आहे. रोख 5 टक्क्यांहून अधिक नसल्यास 3 कोटी. उदाहरणार्थ, 30 लाखांची सारी विक्री रोखीत झाली, तर नफा 2 लाख 40 हजार धरला जाईल. त्यातील 20 लाख यूपीआयने आले, तर तोच 2 लाख होतो. प्रत्यक्ष नफा याहून अधिक असेल, तर अर्थातच तो दाखवला पाहिजे. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये नव्या करप्रणालीनुसार 12 लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तरीही विवरणपत्र भरावे, असा आमचा आग्रह आहे. कर्जासाठी बँकेत गेल्यावर विवरणपत्रे आणि खातेउतारा मागितला जातो. ती नसली की पाय सावकाराच्या दाराकडे वळतात, आणि ते व्याज कोणत्याही करापेक्षा महाग पडते.

शेवटी सावधगिरीचे दोन शब्द. गिऱ्हाईकाने मोबाईलवर दाखवलेले चित्र म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा नव्हे. आपल्या खात्यात रक्कम जमा झाली का, ते पाहावे. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. आपल्या क्यूआरवर दुसऱ्या कोणी कागद चिकटवला नाही ना, हे रोज सकाळी तपासावे. फसवणूक झाल्यास तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावे.

नोटीस आलीच, तर घाबरून ती बाजूला टाकू नये. मुदतीत उत्तर द्यावे आणि करसल्लागारास रोजमेळ दाखवावा. ज्याचा रोजमेळ तयार आहे, त्याला उत्तर देणे अवघड नाही. वहीपूजन आपण दरवर्षी भक्तिभावाने करतो; तीच वही वर्षभर लिहिली, तर एवढी काळजी पुरेशी आहे.