शाकाहारी बर्गर मांसापेक्षा चांगला का?

'शाकाहारी' लिहिले की पदार्थ आरोग्याला चांगलाच, असे आपण समजतो. हे कितपत खरे, ते पाहू.

अमेरिकेतील 'इम्पॉसिबल बर्गर' मांसासारखा लागतो, पण असतो सोयाबीनच्या प्रथिनांचा. २०१९ च्या कृतीनुसार त्याच्या ११३ ग्रॅमच्या टिक्कीत १९ ग्रॅम प्रथिने होती. चरबीसह केलेल्या तेवढ्याच बीफ खिम्यातही साधारण तेवढीच असतात. टिक्कीत कोलेस्टेरॉल नाही, थोडे तंतूही मिळतात. मात्र खोबरेल तेलामुळे घातक चरबी ८ ग्रॅम, म्हणजे जवळपास खिम्याइतकीच. सोडियम तर ३७० मिलिग्रॅम. मीठ न घातलेल्या खिम्यात ते ७५ च्या आसपास असते. म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी अशा तयार पदार्थाच्या पाकिटावरचे सोडियम आधी वाचावे.

आणखी एक फरक. बी-१२ जीवनसत्त्व मांसात मुळातच असते, सोयाबीनमध्ये नसते. या बर्गरमध्ये ते वरून घालतात.

आपल्याला प्रथिनांसाठी महाग बर्गरची गरज नाही. किराणा दुकानातल्या १०० ग्रॅम कोरड्या सोयावडीत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. मीठ बेताने घालून तिची भाजी करावी. बी-१२ साठी अंडी, दूध किंवा मासे जेवणात असू द्यावेत.