तीस मीटर पोकळी

गॅस क्रोमॅटोग्राफचा कॉलम, म्हणजे नमुन्यातले घटक सुटे करणारी नळी, बदलताना खरं कसब लागतं ते तिचं टोक कापायला. नळी जाड दोऱ्याएवढी, मधाच्या रंगाची. नट आणि ग्राफाइटची फेरूल, म्हणजे नळी घट्ट बसवणारी कडी, आधी ओवायचे; म्हणजे ओवताना ग्राफाइटचा कण आत गेला तरी तो पुढच्या कापणीत निघून जातो. मग सिरॅमिकच्या पातीने हलकी रेघ मारून नळी जरा वाकवायची की ती टिक् करून तुटते. टोक भिंगाखाली धरायचं. कड दातेरी दिसली तर पुन्हा कापायचं, नाहीतर आलेखावरचे नेटके पीक, म्हणजे एकेका घटकाचे उंचवटे, शेपटी ओढू लागतात.

ताटलीएवढ्या वेटोळ्यात 30 मीटर नळी मावते. तिचा आतला व्यास पाव मिलिमीटर. नमुन्याची वाफ हेलियमच्या झोतात या नळीतून जाते. तिच्या आतल्या भिंतीला पाव मायक्रॉन जाडीचा सिलिकोनचा लेप असतो. त्यात जो घटक जास्त रेंगाळतो, तो उशिरा बाहेर पडतो. हा सगळा लेप गोळा केला तर जेमतेम सहा मायक्रोलिटर, म्हणजे पाण्याच्या थेंबाचा आठवा-नववा हिस्सा भरेल.

1952 मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी वायु-द्रव क्रोमॅटोग्राफी मांडली, तेव्हा कॉलम भुकटीने ठासून भरलेले असत. त्या भुकटीतल्या फटी म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगाच, असं मानून मार्सेल गोले गणित करत होते. मग एकच मोकळी नळी का नको? 1957 मध्ये त्यांनी ती करून दाखवली. वायूला वाट मोकळी मिळाल्याने कॉलम कितीतरी लांबवता येऊ लागला आणि एकमेकांत मिसळणारे पीक सुटे झाले.

पोकळी सुचली, पण तिला साजेशी भिंत मिळेना. पोलादाची नळी नाजूक रेणूंना धरून ठेवी किंवा मोडी. डेस्टी आणि सहकाऱ्यांनी 1960 मध्ये काचेच्या केशनळ्या ओढणारं यंत्र बनवलं. पण काचेतले सोडियम-कॅल्शियमचे अंश त्रास देत आणि टोकं सरळ करताना नळी हातातच तुटे. 1979 मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या डँडेनो आणि झेरेनर यांनी अतिशुद्ध सिलिकाची नळी पुढे आणली, ती ऑप्टिकल फायबरसारखी ओढलेली होती. काच तुटते ती ओरखड्यांपासून, म्हणून नळी ओढताक्षणीच बाहेरून पॉलिइमाइड चढवायचं. मधाचा रंग तो याचाच. आता नळी बोटाभोवती वळू लागली.

पुढचं काम लेपाचं होतं. उष्णतेने त्याचे थेंब होत. ऐंशीच्या दशकात सिलिकोनच्या साखळ्या एकमेकींत आणि भिंतीशी रासायनिक बंधांनी गुंतवल्या गेल्या, त्यामुळे कॉलम द्रावकाने धुताही येऊ लागला. तरी जास्त तापमानात साखळ्या तुटून त्यांचे तुकडे वायूबरोबर बाहेर पडत, म्हणजे ‘ब्लीड’ होई. साखळीतच फिनाइलची ताठ कडी घातल्यावर तेही आटोक्यात आलं.

पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात निर्यातीच्या द्राक्षांतले कीटकनाशकांचे अंश अशा कॉलमांनी तपासतात. किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढा अंश शोधायचा, तर ब्लीडचा गलका परवडत नाही.

द्राक्षाच्या अर्कातला मळ मात्र नळीच्या तोंडाशीच साचतो. मग पुन्हा तीच सिरॅमिकची पाती. वीतभर तुकडा कचऱ्यात जातो आणि वहीत नवी लांबी चढते: 29.8 मीटर.