कोल्हापूरचें पॅलेस थिएटर

कोल्हापुरांत खासबाग मैदानाच्या पाठीला पाठ लावून एक दगडी नाट्यगृह उभें आहे. मैदान मल्लांचें आणि नाट्यगृह नटांचें. तांबड्या मातींत शड्डू ठोकणारा आणि रंगभूमीवर नांदीचा पहिला स्वर लावणारा हे दोघे असे सख्खे शेजारी व्हावेत, ही कल्पना ज्या राजाच्या मनांत आली त्याची रसिकता एकमार्गी खासच नव्हती. तो राजा म्हणजे शाहू छत्रपति, आणि हें नाट्यगृह म्हणजे त्या काळचें पॅलेस थिएटर. आज तें केशवराव भोसले नाट्यगृह या नांवानें ओळखलें जातें.

मराठी नाटकाचा संसार पहिलीं कित्येक वर्षें बिऱ्हाडावरच चालला होता. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, मंडळ्यांमागून मंडळ्या निघाल्या. पण गांवोगांव त्यांच्या वांट्याला येई तो बहुधा वाड्याचा चौक, नाहीं तर कळक-पत्र्याचा तात्पुरता मांडव. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत धनिकांनीं बांधलेलीं नाट्यगृहें होतीं हें खरें, परंतु इतरत्र नट पडदे बैलगाडींत घालून येई आणि पडदे गुंडाळून जाई. नाटकास स्वतःचें असें पक्कें घर हवें, ही गोष्ट पुष्कळांना पटत होती. घर बांधून देणारे थोडे होते.

१९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त शाहू महाराज विलायतेस गेले. त्या प्रवासांत त्यांनीं रोम शहरहि पाहिलें. तेथील प्राचीन मल्लभूमीची वर्तुळाकार रचना, चढत्या पायऱ्यांवर बसून हजारों माणसांना एकच झुंज दिसावी अशी तिची योजना त्यांच्या मनांत ठसली. त्यांतून पुढें खासबागेचें कुस्तीमैदान झालें व १९१२ सालीं तें खुलें झालें. मैदान पुरें होतांच नाट्यगृहाचें काम १९१३ सालीं सुरू झालें आणि १९१५ सालीं संपलें. मल्लविद्येपाठोपाठ नाट्यकलेचा क्रम लागला याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. अल्लादियाखांसाहेबांसारखा गवई याच दरबारच्या आश्रयास होता, आणि पुढें बालगंधर्व म्हणून गाजलेल्या नारायणराव राजहंस यांना कानाच्या दुखण्यावर उपचार व्हावेत म्हणून मिरजेस पाठविणारेहि हेच महाराज.

आतां नाट्यगृह म्हणजे नुसतें चार भिंतींवर छप्पर नव्हे. ज्या काळीं ध्वनिक्षेपक नव्हता त्या काळीं इमारत हीच नटाच्या आवाजाची साथीदार असे. आवाज एका सेकंदांत सुमारें ११०० फूट जातो. नटाच्या मुखांतून निघालेला शब्द सरळ प्रेक्षकाच्या कानीं येतो, आणि तोच शब्द भिंतीवर, छतावर आपटून पुन्हां येतो. ही दुसरी फेरी पहिलीच्या पाठोपाठ, सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आंत आली तर कान दोहोंना एकच मानतो व आवाज भरीव लागतो. तिला त्याहून बराच उशीर झाला तर प्रतिध्वनि होतो, शब्दावर शब्द चढतो आणि मागच्या रांगेंतला माणूस शेजाऱ्यास विचारूं लागतो, "काय म्हणाला हो?"

उघड्या दगडाची भिंत आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत फेंकते. कापड आणि प्रेक्षकांचीं अंगें तो पिऊन टाकतात. लांकडाची गोष्ट निराळी. पातळ फळी खालचे, घुमणारे सूर थोडे शोषून घेते, आणि वरचे सूर, ज्यांत शब्दांचा स्पष्टपणा असतो, ते परत देते. म्हणून जुन्या नाट्यगृहांत दगड बाहेर आणि लांकूड आंत अशी जोडणी आढळते. रंगभूमीच्या फळ्यांखालीं पोकळी असते ती कांहीं काटकसरीसाठीं नव्हे. फळी खालून मोकळी असली म्हणजे पाउलाचा ठेका खणखणीत वाजतो आणि नाचणाराचे गुडघेहि शाबूत राहतात.

संगीत नाटकाची अडचण तर दुहेरी. गाण्याला थोडा रेंगाळणारा नाद हवा, नाहीं तर तान कोरडी लागते. संवादाला तोच नाद घातक. नट एका क्षणीं बोलतो आणि दुसऱ्या क्षणीं गातो. इमारतीला दोन्ही साधावें लागतें. पॅलेस थिएटरला तें साधलें होतें असा तेथें गाइलेल्या-बोललेल्यांचा पिढ्यानुपिढ्यांचा निर्वाळा आहे. शिवाय पाहणाराच्या नजरेआड मधला खांब येऊं नये अशीहि तेथें रचना होती. खांबाआड बसून ज्यानें अर्धें नाटक पाहिलें आहे, त्यालाच या सोईची किंमत कळेल.

ज्यांचें नांव पुढें या वास्तूला मिळालें ते केशवराव भोसले कोल्हापूरचेच. जन्म ९ ऑगस्ट १८९०. घरची गरिबी, म्हणून अगदीं कोंवळ्या वयांत ते स्वदेशहितचिंतक मंडळींत गेले, आणि देवलांच्या 'शारदा' नाटकांतील शारदेच्या भूमिकेनें त्या पोराचें नांव महाराष्ट्रभर झालें. पोरवयांतील कीर्ति बहुधा आवाज फुटतांच ओसरते. केशवरावांची ओसरली नाहीं. १९०८ सालच्या पहिल्या दिवशीं हुबळीस त्यांनीं स्वतःची 'ललितकलादर्श' मंडळी काढली, त्या वेळीं त्यांचें वय पुरतें अठरा वर्षांचेंहि नव्हतें. रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना मिळाली. मामा वरेरकरांचें 'हाच मुलाचा बाप' हें हुंड्यावरचें नाटक या मंडळीनें केलें. पौराणिक नाटकांची सवय झालेल्या प्रेक्षकापुढें त्याच्याच घरांतला व्यवहार मांडणें सोपें नव्हतें, पण तो प्रेक्षक तिकिटें काढून आला.

केशवरावांचा आवाज चढा, पल्लेदार. बंद नाट्यगृहांत तो घुमे यांत विशेष तें काय? पण त्यांनीं शेजारच्या खासबाग मैदानांत, उघड्या आभाळाखालीं 'मृच्छकटिका'चा प्रयोग केल्याची आठवण करवीरकर मोठ्या अभिमानानें सांगत आले आहेत. वर छत नाहीं, बाजूला भिंत नाहीं, जवळ यंत्र नाहीं. साथीला फक्त त्या मैदानाचा चढता घेर. मल्लभूमि आणि रंगभूमि यांचा शेजार त्या दिवशीं खऱ्या अर्थानें सार्थकीं लागला असें म्हणावयास हरकत नाहीं.

८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगभूमीवर आले, ही गोष्ट मराठी रसिक अजून विसरलेले नाहींत. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवराव वारले. वय अवघें एकतीस. पुढच्याच वर्षीं शाहू महाराजहि गेले.

पुढें बोलपटांचे दिवस आले. कोल्हापूर तर त्यांचें माहेरच. नाटकांचे पडदे रंगवून हात बसलेले बाबूराव पेंटर यांनीं येथेंच १९२० सालीं 'सैरंध्री' चित्रपट काढला होता. ठिकठिकाणचीं नाट्यगृहें चित्रपटगृहें झालीं. कोल्हापूरचें हें घर मात्र नाटकाच्या नांवानेंच राहिलें, आणि १९५७ सालीं त्याला केशवराव भोसले यांचें नांव देण्यांत आलें. राजानें बांधलेल्या वास्तूला नटाचें नांव मिळालें यांत औचित्य आहे. पॅलेस थिएटर या नांवांत वाड्याचा थाट होता, पण तेथें कोण गाइलें तें त्यावरून कळत नव्हतें. वास्तूची शंभरी भरली त्या सुमारास तिचें नूतनीकरणहि झालें.

मग ८ ऑगस्ट २०२४ उजाडला. वार गुरुवार, दुसऱ्या दिवशीं केशवरावांची जयंती. त्या रात्रीं आग लागली. मैदानाच्या बाजूचें व्यासपीठ आणि नाट्यगृह दोन्ही तिनें घेरलीं. रंगभूमि, छप्पर, खुर्च्या यांची राख झाली. दगडी भिंती बऱ्याच अंशीं उभ्या राहिल्या. गांवचे नट, वादक, पडद्यामागचे कामगार धांवत आले, आणि त्यांतल्या कित्येकांना डोळ्यांतलें पाणी आवरेना. ज्या लांकडानें आणि कापडानें इतकीं वर्षें आवाज सांभाळला, तेंच लांकूड आणि कापड ज्वाळांना पहिला घांस झालें. जुन्या नाट्यगृहांचा हा शाप जगभर सारखा आहे.

राज्य शासनानें उभारणीसाठीं २० कोटी रुपये जाहीर केले, आणि नाट्यगृह पूर्ववत् व्हावें अशी मागणी गांवानें एकमुखानें केली. पूर्ववत् हा शब्द बोलावयास सोपा आहे. दगड जागेवर आहे, कमानी पुन्हां उभारतां येतील, रंगहि जुळवितां येईल. पण आगीला न भिणारे नवे पत्रे, नवे तक्ते, भारी गाद्यांच्या खुर्च्या आल्या म्हणजे आवाजाचा हिशेब बदलतो. जळणारें लांकूड नको म्हणावें तर नाद जातो. नाद हवा म्हणावें तर धोका राहतो. लांकडावर अग्निरोधक संस्कार करणें, विजेच्या तारा त्याच्यापासून दूर राखणें, रंगभूमि व प्रेक्षागार यांमध्यें न पेटणारा पडदा ठेवणें, असे मार्ग आहेत. ते खर्चाचे आहेत आणि वेळ घेणारे आहेत. उद्घाटनाची घाई मात्र या कामांत परवडणारी नाहीं.

परीक्षा मात्र अगदीं साधी आहे. सभागृह प्रेक्षकांनीं भरलेलें असावें, यंत्रें बंद असावींत. एका नटानें रंगभूमीच्या मध्यावर उभें राहून नेहमीच्या आवाजांत चार वाक्यें बोलावीं, मग एक पद म्हणावें. शब्द पोंचला कीं नाहीं, आणि तान कोरडी लागली कीं भरून आली, हें शेवटच्या रांगेंतल्या माणसानें सांगावयाचें.