वॉशिंग मशीनमधील बिघाडांचे निदान

वॉशिंग मशीनमधील बिघाडांचे निदान म्हणजे कपडे धुण्याचे घरगुती यंत्र नीट चालत नसल्यास त्याचे कारण क्रमाने शोधून काढण्याची पद्धत होय. पाणी घेणे, कपडे घुसळणे, पाणी सोडणे आणि कपडे पिळणे ही या यंत्राची चार मुख्य कामे आहेत. यांपैकी नेमके कोणते काम थांबले हे कळले की दोषाची जागा बरीचशी निश्चित होते. यंत्र अडले म्हणजे त्याचा एखादा भाग निकामी झाला, असे प्रत्येक वेळी नसते. वीज, नळाचे पाणी, सांडपाण्याची वाट, जमिनीची पातळी आणि कपड्यांचा भार यांतील दोषही यंत्राच्या बिघाडासारखेच दिसतात. म्हणून तपासणी बाहेरून आत, म्हणजे आधी यंत्राभोवतीच्या गोष्टी आणि मग यंत्राचे भाग, या क्रमाने केली जाते.

यंत्रांचे प्रकार

भारतात घरगुती वापराची यंत्रे प्रामुख्याने तीन प्रकारची आढळतात. अर्धस्वयंचलित यंत्रात धुण्याचा आणि पिळण्याचा टब वेगळा असतो व दोन्हींना स्वतंत्र मोटर असते. स्वयंचलित यंत्रात सर्व कामे एकाच ड्रममध्ये होतात. त्याचे वरून उघडणारे आणि समोरून उघडणारे असे दोन प्रकार आहेत. समोरून उघडणाऱ्या यंत्रांत पाणी तापवण्यासाठी बहुधा हीटर असतो. एकाच लक्षणाचे कारण प्रकारानुसार बदलू शकते.

सुरक्षितता

कोणत्याही तपासणीपूर्वी प्लग सॉकेटमधून काढणे आणि नळ बंद करणे आवश्यक असते. केवळ यंत्रावरील बटण बंद करणे पुरेसे नाही. कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही काही काळ विद्युत भार साठून राहू शकतो, त्यामुळे यंत्राची मागील बाजू उघडून आतील भाग हाताळणे हे प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच काम आहे.

यंत्राच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्यास वापर तत्काळ थांबवावा लागतो. अर्थिंग नसताना यंत्रातील विद्युत गाळणीमुळे असा सौम्य झटका बसू शकतो. परंतु तारेचे आवरण फाटून वीज पत्र्यात उतरली असली तरी सुरुवातीचे लक्षण असेच असू शकते. दोहोंतील फरक स्पर्शाने ओळखता येत नाही. ओले हात आणि ओली फरशी यांमुळे धोका वाढतो. तीन पिनांचा प्लग असला तरी सॉकेटमागची अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे का, हे वीजतंत्रीकडून तपासून घ्यावे लागते. 30 मिलिअँपिअर क्षमतेचे आरसीसीबी हे उपकरण वीजगळती होताच पुरवठा तोडते. साधी एमसीबी हे काम करत नाही.

यंत्र सुरूच न होणे

प्रथम त्याच सॉकेटला दुसरे उपकरण लावून वीज येते का, हे पाहतात. प्लग किंवा सॉकेट काळवंडले असल्यास जोड सैल असण्याची शक्यता असते. हीटर असलेल्या यंत्रासाठी सॉकेटची क्षमताही महत्त्वाची ठरते. 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे 6 अँपिअरचे सॉकेट त्यास अपुरे पडते व 16 अँपिअरचे सॉकेट लागते.

दिवे लागतात पण यंत्र पुढे सरकत नाही, अशा वेळी दार किंवा झाकण पूर्ण बंद आहे का, दाराच्या फटीत कपडा अडकला आहे का आणि मुलांसाठीचे कुलूप चालू आहे का, हे तपासतात. अर्धस्वयंचलित यंत्राची मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तेव्हा कॅपॅसिटर निकामी होणे हे नेहमीचे कारण असते. उंदरांनी खालून शिरून तारा कुरतडणे हेही भारतीय घरांत वारंवार आढळणारे कारण आहे. त्यासाठी यंत्राच्या तळाला जाळी बसवतात.

पाणी न भरणे

नळ उघडा असणे, पाइप दुमडलेला नसणे आणि पाइप यंत्राला जोडतो तेथील बारीक जाळी स्वच्छ असणे, या तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. टाकीतील गाळ आणि क्षार या जाळीत अडकतात.

यानंतर पाण्याचा दाब येतो. टाकीतील पाण्याच्या दर एक मीटर उंचीमागे सुमारे 0.1 बार दाब मिळतो. त्यामुळे गच्चीवरील टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर दाब सर्वांत कमी असतो, तर तळमजल्यावर तो जास्त असतो. टाकीतील पाण्याची पातळी नळापासून दोनच मीटर उंच असेल तर दाब जेमतेम 0.2 बार भरतो. यंत्राला आवश्यक असलेला किमान दाब माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. तो मिळत नसेल तर यंत्राचा भाग बदलून उपयोग होत नाही. दाब वाढवणारा लहान पंप बसवावा लागतो.

याउलट पाणी सतत भरत राहते आणि सतत वाहून जाते, तेव्हा सांडपाण्याच्या पाइपचे टोक फार खाली असल्याची शक्यता असते. टोक ड्रममधील पाण्याच्या पातळीखाली गेल्यास वक्रनलिकेच्या तत्त्वाने पाणी आपोआप बाहेर ओढले जाते.

पाणी न निघणे

समोरून उघडणाऱ्या यंत्रातील पाणी पंपाने बाहेर फेकले जाते. पंपाच्या तोंडाशी गाळणी असते. तीत नाणी, टाचण्या, बटणे, केस व धाग्यांचे गुंते साचतात. गाळणी उघडण्यापूर्वी पाणी निवलेले असावे आणि खाली पसरट भांडे ठेवावे लागते.

वरून उघडणाऱ्या बऱ्याच यंत्रांत आणि अर्धस्वयंचलित यंत्रांत पंप नसतो. झडप उघडते आणि पाणी उताराने वाहते. अशा यंत्राचा पाइप मोरीच्या कठड्यावर चढवला तर पाणी अडते. म्हणजे पंपाच्या यंत्राचा पाइप उंच, तर पंप नसलेल्या यंत्राचा पाइप जमिनीलगत ठेवावा लागतो. यंत्र बदलल्यावर जुनीच मांडणी कायम ठेवल्यास हा दोष उद्भवतो.

पिळताना हादरे व आवाज

पिळताना ड्रम अतिशय वेगाने फिरतो. 25 सेंटिमीटर त्रिज्येच्या ड्रमात अर्धा किलोग्रॅम कपडा एका बाजूला राहिला आणि ड्रम मिनिटाला 1200 फेरे घेऊ लागला, तर त्या बाजूला पडणारा ताण सुमारे 200 किलोग्रॅम वजनाइतका होतो. म्हणूनच असमतोल जाणवताच यंत्र वेग कमी करते किंवा थांबते. एकटी चादर, गोधडी किंवा जीन्स धुताना असे होते. सोबत आणखी काही कपडे घातल्यास भार विभागला जातो.

नवे यंत्र पहिल्याच दिवशी जोरात हादरत असेल, तर वाहतुकीसाठी ड्रम आवळून धरणारे मागील बोल्ट काढायचे राहिले असण्याचा संभव असतो. यंत्र बाहेर जाणाऱ्या पाण्यासाठी उतार दिलेल्या फरशीवर ठेवले असल्यास चारही पाय फिरवून ते समपातळीत आणावे लागते. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर हे बेअरिंग झिजल्याचे लक्षण आहे. ही दुरुस्ती खर्चिक असते, पण लांबवल्यास नुकसान वाढते.

कपडे स्वच्छ न निघणे

कूपनलिकेच्या पाण्यात अनेक ठिकाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, तर पर्यायी स्रोत नसल्यास 600 मिलिग्रॅमपर्यंत चालणारी मानली जाते. पिण्यास चालणारे असे पाणीही धुलाईस त्रासदायक ठरू शकते. कठीण पाण्यात साबणाचा साका होतो, कपडे कडक व मळकट दिसतात आणि हीटरवर क्षारांचा थर बसून पाणी तापण्यास वेळ लागतो. थर काढण्यासाठी क्षारनाशक पूड किंवा सायट्रिक आम्ल वापरून यंत्र रिकामे चालवतात. आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो.

साबण जास्त झाल्यास फेसामुळे घुसळण मंदावते आणि साबण कपड्यांत राहतो. कुबट वास बहुधा दाराच्या रबरी गास्केटमध्ये साचलेल्या ओलाव्यामुळे येतो. धुलाईनंतर गास्केट पुसून दार किंचित उघडे ठेवल्यास तो टळतो. मात्र घरात लहान मुले असल्यास ती ड्रममध्ये शिरणार नाहीत याची दक्षता घ्यावी लागते.

त्रुटिसंकेत

स्वयंचलित यंत्रे दोष आढळल्यास पडद्यावर अक्षरे किंवा अंक दाखवतात. हे संकेत उत्पादकागणिक वेगळे असतात. म्हणून त्यांचा अर्थ त्या यंत्राच्या पुस्तिकेतच पाहावा लागतो. संकेत लक्षण सांगतो, कारण नव्हे. पाणी न भरल्याचा संकेत बंद नळामुळे, तुंबलेल्या जाळीमुळे किंवा जळालेल्या झडपेमुळेही येऊ शकतो.

तंत्रज्ञास बोलावणे

जळका वास, ठिणग्या, पत्र्यास वीज लागणे, वारंवार एमसीबी पडणे किंवा तळातून पाणी गळून तारांपर्यंत पोहोचणे, अशा वेळी घरगुती तपासणी न करता मुख्य पुरवठा बंद करून तंत्रज्ञास बोलावणे योग्य ठरते. दोष कोणत्या टप्प्यावर, किती कपडे असताना व कोणत्या संकेतासह आला, याची नोंद ठेवल्यास अनावश्यक भाग बदलले जाण्याची शक्यता कमी होते. हमीच्या काळात यंत्र अनधिकृत व्यक्तीकडून उघडल्यास हमी नाकारली जाऊ शकते. बदललेल्या भागाची पावती आणि जुना भाग मागून घेणे हिताचे असते. सदोष वस्तू किंवा सेवेबाबत ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.